हातमोज्यांची दुसरी जोडी

माझ्या लॉन्ड्रीत माणसाचं काही लपत नाही. कॉलर बघून मी सांगते, कोण दिवसभर धावपळ करतो नि कोण खुर्चीत बसून मान खाजवतो. तेवीस वर्षं डाग काढतेय, चेष्टा नाही. म्हणूनच कोपऱ्यावरच्या लॉजबद्दल लोक काहीबाही बोलायला लागले की माझं डोकं फिरतं.

लॉज म्हणजे फ्रीमेसन नावाच्या बंधुमंडळाची जुनी दगडी इमारत. महिन्यातून एकदा काळ्या सुटातले पुरुष तिथे जमतात, दार लावून घेतात, दोन-तीन तास त्यांचं काय ते करतात आणि जेवून घरी जातात. पण दार बंद आणि खिडक्या उंच, मग लोकांच्या जिभेला हाड कुठून राहणार? कुणी म्हणतं, आत कवटीपुढे गुडघे टेकतात. कुणी म्हणतं, रक्तानं सह्या करतात. समोरची शिंपीण तर छातीठोकपणे सांगते की हात मिळवताना अंगठा विशिष्ट तऱ्हेनं दाबला की पालिकेचं कंत्राट मिळतं. तिच्या नवऱ्यानं तीन वर्षं दिसेल त्याचा अंगठा दाबून पाहिला. कंत्राट राहिलं बाजूला, लोक त्याला हात द्यायचे बंद झाले.

या मंडळींचे पांढरे हातमोजे माझ्याकडे धुवायला येतात, दर महिन्याला चाळीसेक जोड्या. रक्ताचा डाग थंड पाण्यात काढावा लागतो, गरम पाण्यात तो कापडात कायमचा बसतो. लॉजच्या मोज्यांसाठी मला थंड पाणी आजवर एकदाच लागलं, तेही पाव कापताना कुणाचं तरी बोट कापलं म्हणून. बाकी सगळं सूप, चहा, शाई आणि मेणबत्तीचं मेण. "आधी डाग दाखवा, मग बोला," असं मी गिऱ्हाइकांना सुनावते. ते हसतात नि म्हणतात, तुलाही फितवलेलं दिसतंय त्यांनी.

एवढी मी शहाणी. आणि चष्मेवाल्यांच्या बाबतीत माती खाल्ली.

चष्मेवाल्यांचं बाजारात चष्म्यांचं दुकान आहे. काटकुळा, मवाळ माणूस, लॉजचा जुना सभासद. वर्षातून एकदा ते स्वतः येऊन माझ्या हातात एक लहानसं पाकीट देत. आत बायकी हातमोजे असत, पांढरे, पातळ, मनगटाशी मोत्याचं बटण. "हे घरच्या कपड्यांत घालू नका. न्यायला मीच येईन," असं दर वेळी बजावत. मोजे कुणी घातल्याची खूण नसे, नुसते ठेवून ठेवून पिवळे पडलेले असत. मी ते धुऊन पांढरे करून द्यायची आणि ते खिशात घालून दुकानाकडे जायचे, घराकडे नाही.

बायकोच्याच वस्तू बायकोपासून लपवून कोण धुतो? मी मनातल्या मनात निकाल लावून टाकला की यांची कुठेतरी दुसरी बाई आहे. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, दर आठवड्याला चादरी घेऊन यायच्या आणि काउंटरला टेकून म्हणायच्या, "आमच्यांना साधं खोटं बोलता येत नाही गं." मला ते ऐकवत नसे. मी इस्त्रीकडे तोंड फिरवायची.

गेल्या महिन्यात चष्मेवाले जिन्यावरून पडले आणि खुब्याचं ऑपरेशन करावं लागलं. पडायच्या दोनच दिवस आधी त्यांनी मला पाकीट दिलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी पाचला त्यांना घरी आणणार होते. त्या दिवशी सकाळी वहिनी धुतलेल्या चादरी न्यायला आल्या. हॉस्पिटलात बसून बसून त्यांचे डोळे खोल गेले होते. "खिडकीपाशी पलंग लावलाय," म्हणाल्या. "पडल्या पडल्या रस्ता तरी दिसेल त्यांना." आणि माझं टाळकं सरकलं. उशापायथ्याशी बसायचं हिनं, आणि मोजे भलतीचे! मी पाकिटातून मोजे काढले, चादरींच्या अगदी वर, पहिल्या नजरेत दिसतील असे ठेवले आणि गठ्ठा बांधून दिला. चुकून नव्हे, जाणूनबुजून. आज सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला मोठा न्याय केल्यासारखं वाटलं.

दुपारी वहिनींचा फोन आला. आवाज सपाट होता.

"हे मोजे कुणाचे?"

"भाऊंनीच दिलेत. दर वर्षी देतात," मी म्हटलं.

"किती वर्षं?"

"माझं दुकान आहे तेव्हापासून."

"चारची बस आहे लेकीकडे जायला. जाताना किल्ली तुझ्याकडे ठेवते. अँब्युलन्स आली की दार उघडून दे त्यांना."

मी फोन ठेवला. खरं होतं तेच उघड केलं, असं मी स्वतःला बजावत होते. पण आज पाच वाजता एक म्हातारा टाके घातलेल्या खुब्यानं रिकाम्या घरात यायचा होता, आणि ते घर मी रिकामं केलं होतं.

तेवढ्यात लॉजचे दारवान मोज्यांची पिशवी घेऊन आले. हेही सभासदच. आत सभा चालू असली की बाहेर दाराशी खुर्ची टाकून बसायचं, हे त्यांचं काम. माझा राग त्यांच्यावर निघाला.

"तुमच्या चष्मेवाल्यांना सांगा, त्यांच्या त्या बाईचे मोजे यापुढे इथे नकोत."

"कोणती बाई?"

मी सगळं सांगितलं. "मोत्याचं बटण आहे का मनगटाशी?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटल्यावर ते स्टुलावर बसले.

"अहो, आमच्या लॉजमध्ये नवा सभासद आला की त्याला दोन जोड्या देतात. एक त्याची. दुसरी बायकी. ज्या बाईबद्दल तुला सगळ्यात जास्त आदर वाटतो तिला दे, असं सांगतात. मी माझ्या आईला दिली होती."

"मग यांनी बायकोला का नाही दिली?"

"कशी देणार? तेव्हा त्यांची मुलगी तान्ही होती. कुणीतरी वहिनींच्या कानात भरवलं की लॉजवाले पहिलं मूल मागतात. घाबरल्या बिचाऱ्या. त्यांनी नवऱ्याला शपथ घातली, जायचं तर जा, पण तिथली टाचणीसुद्धा या घरात आणायची नाही आणि माझ्यापुढे तिथलं नावही काढायचं नाही. चष्मेवाल्यांनी ती पाळली. मोजे दुकानाच्या खणात ठेवले. ती आपणहून विचारेल तेव्हा सांगेन, म्हणायचे. चौतीस वर्षं झाली."

"एवढं गुपित असेल तर आम्हाला कसं कळायचं?" मी अजून हार मानत नव्हते.

"गुपित कसलं? कुणी विचारलं तर सांगतोच आम्ही. पण विचारत कुणी नाही. सगळ्यांना आधीच माहीत असतं."

ते मला उद्देशून बोलले नव्हते. लागलं मात्र मलाच. मी इस्त्री बंद केली, दुकान त्यांच्या भरवशावर टाकलं आणि चालत सुटले.

वहिनींच्या दाराशी बॅग भरून ठेवलेली होती. त्या कोट घालून टेबलापाशी उभ्या होत्या आणि टेबलावर मोजे पडले होते. मी दम न घेता सगळं सांगून टाकलं, मोजे मुद्दाम वर ठेवले होते तेसुद्धा.

"म्हणजे इतकी वर्षं मनात हे ठेवून तू माझ्याशी गप्पा मारत होतीस," त्या म्हणाल्या.

मी मान खाली घातली.

"शपथ मी घातली होती, हे खरं आहे. शेजारच्या बाईनं सांगितलं आणि मी धरून बसले. ती पुढच्याच वर्षी घर बदलून गेली. आता तिचा चेहराही आठवत नाही मला." त्यांनी मोजे उलटेपालटे केले. "पण तुझ्या त्या दारवानानं हे रचून सांगितलं नसेल कशावरून? ते लोक एकमेकांना सांभाळून घेतात, हे कुणाला माहीत नाही?"

रागवायचाही हक्क मी घालवून बसले होते.

"त्यांचं तोंड बघते आधी," त्या म्हणाल्या. "मग ठरवीन. सहालाही एक बस आहे."

त्यांनी मोजे दारातून सरळ दिसतील असे मांडले आणि कोट न काढता खुर्चीत बसल्या. मला जा म्हणाल्या नाहीत, बस म्हणाल्या नाहीत. मी भिंतीला टेकून उभी राहिले. घड्याळात चार वाजले, बस गेली. साडेचार झाले.

सव्वापाचला दोन माणसांनी चष्मेवाल्यांना खुर्चीत बसवून वर आणलं. दार उघडंच होतं. ते आणखी बारीक झाले होते. आधी त्यांनी वहिनींकडे पाहिलं, मग कोटाकडे, मग दाराशेजारच्या बॅगेकडे. शेवटी त्यांची नजर टेबलावर गेली आणि चेहरा पांढराफटक पडला.

"मी नाही आणले," ते म्हणाले. "अगं, खरंच सांगतो. मी घरात नाही आणले."

कुणी दिले, कुठून आले, तुला काय कळलं, यातलं काही त्यांनी विचारलं नाही. चौतीस वर्षं पाळलेली शपथ आपल्या हातून मोडली असं हिला वाटेल, एवढीच भीती त्या माणसाला होती. मला रडू आवरेना.

वहिनी उठल्या. "ठाऊक आहे," म्हणाल्या. "मी आणले."

आणणाऱ्या माणसांनी त्यांना पलंगावर निजवलं आणि ते निघून गेले. वहिनींनी कोट काढून बॅगेवर टाकला, मोजे घेतले आणि पलंगाच्या कडेला बसून उजवा हात त्यांच्यापुढे धरला. चष्मेवाले मोजा चढवू लागले. बोटांच्या पेरांपर्यंत तो आला आणि अडला. संधिवातानं वहिनींची पेरं सुजलेली. चष्मेवाल्यांनी एकदा ओढून पाहिलं, पुन्हा पाहिलं, मग सोडून दिलं.

"तेव्हा बसला असता," ते हळूच म्हणाले.

"तेव्हा मी घातला नसता," वहिनी म्हणाल्या.