सुभेदाराचं पत्र

शाळा समितीतली माणसं मी फार जवळून पाहिली, आणि तेवढ्या जवळून पाहण्याच्या लायकीची ती नव्हती. वाशीतल्या त्या शाळेत मी क्लार्क होते. समितीत तिघंच. अध्यक्ष नंदकुमार, रबाळ्याच्या एका केमिकल कारखान्यात इंजिनियर. दुसऱ्या मालतीबाई, त्यांच्या यजमानांनी शाळेला पंखे दिले होते, त्यामुळे बाईंना शिक्षणातलं सगळं कळत होतं. तिसरे घणसोलीचे धर्मराज. जमीन सरकारात गेल्यावर गावात चाळी बांधून भाडेकरू ठेवलेले, सही करताना जीभ दातांत धरणारे. त्यांना मी तिघांतले सगळ्यात मठ्ठ समजत असे.

नंदकुमारांनी बुद्धिवादावरची एक पुस्तिका वाचली होती. एकच. पण तिच्या जोरावर त्यांनी जगातले सगळे धर्म निकालात काढले होते, आणि सोसायटीतल्या कुणाच्याही सत्यनारायणाला जाऊन, प्रसादाचा शिरा दोनदा घेऊन, ते तसं सांगतही असत.

चौऱ्याऐंशीच्या मार्चमध्ये त्यांची मुलगी नंदिनी नववीच्या वर्गात उभी राहिली. रोमचा धडा चालू होता. "सर, बाबा म्हणतात, येशूला आधी कोणी देव मानतच नव्हतं. तीनशे वर्षांनी एका रोमन बादशहानं सभा भरवली, मतं घेतली आणि त्याला देव केलं. खरंय?"

इतिहासाचे शिवराम सर म्हणाले, "सभा झाली होती. पण त्याच्या दोनशे वर्षं आधी लोक त्याला देव मानत होते, त्याचा कागद आहे. बाबांचं चुकलं."

संपलं. आमच्या अध्यक्षांचं चुकलं, आणि तेही नववी ब समोर! मुलीनं घरी जाऊन शब्दन् शब्द सांगितला. आठवड्यात अध्यक्षांना शोध लागला की हा मास्तर मिशनऱ्यांचा माणूस आहे. शिवराम सर राजापूरकडचे. घरी पाच दिवसांचा गणपती, संकष्टी मोडलेली मी कधी पाहिली नाही. पण त्यांचं दोन वर्षांचं प्रोबेशन जूनमध्ये संपत होतं. समितीनं कायम केलं तर नोकरी, नाहीतर बायको आणि म्हाताऱ्या आईला घेऊन परत गावी. अध्यक्षांना एवढं पुरेसं होतं.

एप्रिलच्या एका शनिवारी चार वाजता सभा ठेवली. आमच्याकडे सभेचं इतिवृत्त सभेच्या आदल्या दिवशी लिहायची पद्धत होती. हसू नका, पुष्कळ ठिकाणी असते. अध्यक्ष शुक्रवारी मजकूर सांगत, मी नोंदवहीत उतरवी, आणि शनिवारी सभासद आल्या आल्या सह्या करत, म्हणजे मग बटाटेवडे निवांत खाता येत. या वेळचा मजकूर होता: 'श्री. शिवराम यांना आपले म्हणणे मांडण्याची पूर्ण संधी देण्यात आली. त्यांनी कोणताही पुरावा सादर केला नाही. सबब त्यांना सेवेत कायम करू नये, असे एकमताने ठरले.' तिघांनी सह्या केल्या. धर्मराजांनी जीभ दातांत धरून केली. मग सरांना आत बोलावलं.

सर पुरावा घेऊन आले होते. दोन रविवार फोर्टातल्या लायब्ररीत बसून त्यांनी एक पत्र उतरवून, मराठी करून आणलं होतं. प्लिनी नावाच्या रोमन सुभेदारानं बादशहाला लिहिलेलं, येशूला क्रुसावर दिल्यानंतर ऐंशीएक वर्षांचं.

सरांनी वाचून दाखवलं. सुभेदार लिहितो, या लोकांचं काय करावं मला समजत नाही. ठरल्या दिवशी उजाडायच्या आत जमतात आणि ख्रिस्ताला देव समजून त्याची स्तोत्रं आळीपाळीनं म्हणतात. हट्टानं त्यालाच चिकटून राहिले त्यांना मी ठार मारवलं. दोन दासींचे हाल करून चौकशी केली, पण भलत्याच अंधश्रद्धेपलीकडे काही सापडलं नाही. पुढे काय करावं ते कळवावं.

"म्हणजे एका अडाणी बायकांच्या भजनी मंडळाचा दाखला," नंदकुमार म्हणाले. "आणि यानं येशू देव ठरतो?"

"नाही," सर म्हणाले. "देव होता की नाही हे या कागदावरून कळत नाही, आणि मी ते वर्गात म्हटलंही नाही. लोक त्याला देव मानत होते, एवढंच कळतं. आणि त्या रोमन सभेच्या दोनशे वर्षं आधी मानत होते."

"मूळ पत्र कुठाय? नकलेची नक्कल! कुणीतरी पाद्र्यानंच लिहिलं असणार."

मालतीबाईंनी घड्याळ पाहिलं. पाचला त्यांच्याकडे चैत्राचं हळदीकुंकू होतं, कैरीची डाळ वाटायची राहिली होती.

तेवढ्यात धर्मराज बोलले. सभेत त्यांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

"पाद्री आपल्याच मानसांना येडं कशाला लिवंल? आमची जमीन घेतली तवा मोजनीवाला आला व्हता. त्यानी लिवलं, इथं लोक घुसून राहत्यान, चुली पेटल्यात, देऊल पन बांधलंय. आमाला हाकलाया लिवलं. वकिलानी कोर्टात त्योच कागुद लावला. आमी तितं व्हतो ह्ये आमच्या वैऱ्यानीच लिवून ठेवलंय, साहेब! ह्या सुभेदाराचं बी तसंच हाय. मास्तर खरं बोलतोय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, वहीतली ती पुरावा नाय वाली वल काट."

पंख्यानं वहीचं पान फडफडलं, मी ते दाबून धरलं. मालतीबाईंच्या यजमानांचा पंखा.

"सह्या झाल्यात," नंदकुमार म्हणाले. "सही केलेल्या ठरावात खाडाखोड चालत नाही. काय हो, अरुणाबाई?" त्यांनी मला विचारलं.

"झाल्यात ना सह्या? मग झालं तर," म्हणून मालतीबाई पर्स घेऊन उठल्या.

वही माझ्यासमोर उघडी होती, पेन हातात होतं. एक रेघ मारायची आणि बाजूला लिहायचं की हा मजकूर कालच लिहिलेला आहे. धर्मराजांनी शेजारी सही केली असती. ज्यांना मी मठ्ठ म्हणत होते ते एकटे शहाणे निघाले, आणि मी, बी.ए. झालेली बाई, नंदकुमारांच्या तोंडाकडे पाहत बसले. माझी नोकरीही त्यांच्याच हातात होती. "नाही चालत, साहेब," मी म्हणाले.

धर्मराजांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी दोन वर्षं त्यांच्याकडे पाहत आले होते. मग चपला घालून गेले.

सोमवारी सर सेवासमाप्तीचं पत्र घ्यायला आले. पत्र मीच टाइप केलं होतं. त्यांनी इतिवृत्त पाहायला मागितलं, मी वही त्यांच्याकडे फिरवली. उभ्यानंच त्यांनी ते दोनदा वाचलं. ते चिडतील म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं, माझं पोट, माझा संसार, सगळं.

सर चिडले नाहीत. वही मिटून त्यांनी माझ्या टेबलावर नीट सरळ ठेवली.

"अक्षर किती सुंदर आहे हो तुमचं, अरुणाबाई," ते म्हणाले. "कुणीही विश्वास ठेवेल."