पुलाखालचा मैलाचा दगड

मी एक जुना मैलाचा दगड आहे. वडनेर भोलजीच्या अलीकडच्या फाट्यावर उभा असतो. मित्रांनो, एकेकाळी मला दरसाल चुना लागायचा. बैलगाडीवाले खाली उतरून माझ्यावरची अक्षरं बोटानं चाचपायचे. मग माझ्या डोक्यावरून मोठा पूल गेला, अंगावर बोअरवेलच्या जाहिराती चिकटल्या आणि माणसं रस्ता फोनला विचारू लागली. त्या फोनचा मला पहिल्यापासून संशय आहे. जो कधी उन्हात उभा राहिला नाही, त्याला फाटा काय कळणार?

परवा गावातले उकंडराव धुतलेलं धोतर नेसून माझ्यापाशी आले. त्यांच्या मुलीला, समताला पाहायला संग्रामपूरचे पाहुणे यायचे होते. पाहुण्यांना फाट्यावरून घरी न्यायचं, ही आमची रीत. गाडी आली, पण पुलावरून निघून गेली. परत आली, पुन्हा गेली. शेवटी वरच थांबली. कठड्यावरून मुलाचे मामा वाकले.

"उकंडराव, फोन म्हणते इथंच वळा! वळू कुठं? पोरगी दाखवाची नाई काय तुम्हाले?"

"तुम्हालेच यायचं नसंन! वरूनच घर जोखून राह्यले काय?"

"चाल बे प्रसेनजित, फिरव गाडी!" मामांनी भाच्याला हुकूम सोडला.

सोयरीक माझ्या डोळ्यांदेखत मोडत होती. तेवढ्यात नवं लुगडं सावरत समता धावत आली. पाहायच्या मुलीनं असं रस्त्यावर येऊ नये. उकंडरावांचा चेहराच उतरला.

"मामा, थांबा! फोनच्या नकाशात पुलाची रेघ आमच्या रस्त्याच्या रेघेवरून जाते. काढणाऱ्यानं तिथं चौक समजून दोन्ही जोडून देल्ल्या. तुमचा रस्ता वर, आमचा खाली. पूल उतरा, वळसा घ्या अन् बाजूच्या रस्त्यानं या."

"तू कोण वं?"

"समता. मलेच पाहाले आले ना तुम्ही?"

मग प्रसेनजित हसला. "मामा, पाहणं तं झालं. आता चहाले चला."

समतानं नकाशावाल्यांना चूक कळवली. आता म्हणे पूल वर दिसतो, आमचा रस्ता त्याच्याखालून जातो आणि मधला जोड गेला. तरी वर गाडी हळू झाली की मी कान टवकारतो. माझा संशय काही जात नाही.

मित्रांनो, रेघेवरून रेघ गेली म्हणजे रस्ते भेटले असं धरू नका. आणि वाट चुकलेल्या माणसाला खोटा ठरवण्याआधी जरा वाकून विचारा. जमलंच तर माझ्या अंगावरची ती जाहिरात खरवडून थोडा चुना लावा. समताच्या लग्नाचं वऱ्हाड याच फाट्यावर उतरणार आहे.