विड्याच्या पानांखालचे शेवाळ

मित्रांनो, मी एक जुने शेवाळ आहे. कालपर्यंत मी माहूरच्या डोंगरात एका ओलसर कड्यावर राहत होते.

तुम्ही आम्हाला सरसकट शेवाळ म्हणता आणि पाय घसरला की शिव्या घालता. पण त्या एका कड्यावर आमच्या कितीतरी जाती होत्या. कुणी मखमलीसारखे दाट, कुणी बारीक तुऱ्यांचे, कुणी फक्त झाडाच्या सालीवर लोंबणारे. सगळ्यांत नाजूक होते ते कपारीतले. त्याला ऊन सोसत नसे, म्हणून आम्ही बाकीचे त्याच्याभोवती ओल धरून ठेवायचो. उन्हाळ्यात आम्ही वाळून तपकिरी व्हायचो आणि पाऊस पडला की पुन्हा हिरवे. याचा आम्हाला थोडा गर्वही होता.

पायथ्याशी आपल्या दुकानात चतुराबाई भाविकांना देवीसाठी विडा कुटून देते. पाने सुकली की भाविक पुढच्या दुकानात जातात. एका उन्हाळ्यात तिने टोपलीत ओले शेवाळ अंथरले आणि पाने संध्याकाळपर्यंत ताजी राहिली. मग काय, सगळीच दुकाने कड्याकडे धावली. खुरप्याने खरवडून पोती भरू लागली.

तिची सून मनिषा एकदा म्हणाली, "आत्याबाई, लई काढून राहिलो आपण. कडा उघडा पडला की."

"केसावानी हाय ते," चतुराबाई हसली. "कापलं की वाढतंय."

केसांना मुळे असतात हो! आम्हाला मुळेच नाहीत. बोटभर पसरायला आम्हाला कित्येक पावसाळे लागतात. आधी सालीवरचे गेले, मग तुऱ्यांचे. भोवतालची ओल आटली, तसे कपारीतले ते नाजूक शेवाळ भर पावसातही हिरवे झाले नाही. आता ते या कड्यावर नाही. त्याच्या आठवणीने मला फार वाईट वाटते.

शेवटी मी एकटेच उरले होते. काल चतुराबाईने मलाही खरवडून टोपलीत घातले. आज ती मनिषाला आणि टोपलीला घेऊन पुन्हा कड्यावर आली, तर नुसता काळा दगड. ती घाबरली. तिने टोपलीतून मला काढले, दगडावर दाबून धरले आणि वर तांब्याभर पाणी ओतले.

"चिकट की रं बाबा," ती म्हणाली.

"दगड लई तापलाय," मनिषा म्हणाली. "आत्याबाई, हात काढू नका."

मित्रांनो, दगडावर आमचा हिरवा थर दिसला तर त्याला तिथेच राहू द्या. एवढेच मागणे आहे. पाणी केव्हाच वाळले. चतुराबाईचा हात अजून माझ्यावर आहे, पण खाली भाविक थांबले आहेत आणि तिला विडे कुटायला जायचे आहे.