वरून ओघळलेले तेल

मल्लेश्वरमच्या एका सोसायटीत विद्याधरांची मोटार हा कौतुकाचा विषय होता. सोळा वर्षांत ती अवघी एकोणीस हजार किलोमीटर धावली होती. दर रविवारी आवरण काढायचे, दहा मिनिटे इंजिन जागच्या जागी चालू ठेवायचे आणि पुन्हा झाकायचे, हा त्यांचा नेम. अलीकडे रस्त्यावर ती निघे बहुधा दसऱ्यातल्या आयुधपूजेला, चाकाखाली लिंबू चिरडण्यापुरती. अशा मोटारीखाली तेलाचा डाग दिसावा!

विद्याधरांनी वाकून पाहिले. इंजिनाच्या तळाशी, ऑइल चेंबरच्या बोल्टाला थेंब लोंबत होता. पंधरवड्यापूर्वी तेल बदलून तो बोल्ट गुंडो मेकॅनिकने आवळला होता. झाले! त्याच संध्याकाळी सोसायटीच्या सभेत त्यांनी ठासून सांगितले, "हा मनुष्य कामचुकार आहे. साधा बोल्ट धड आवळत नाही." सरकारी कारखान्यात तीस वर्षे तपासनीस असलेल्या माणसाचा शब्द! त्यांच्याखेरीज आणखी बावीस घरांच्या गाड्या सांभाळणारा गुंडो दुसऱ्या दिवशी फाटकावरूनच परत गेला.

डाग मात्र पडतच राहिला. दोन महिन्यांनी जयनगरच्या एका गॅरेजात रक्षिता नावाच्या मेकॅनिकने इंजिन धुऊन कोरडे केले आणि त्यावर पांढरी पावडर उडवली.

"सर, आता एक मोठी चक्कर मारून या. उभ्या गाडीत स्वल्पच कळतं."

परतल्यावर तिने टॉर्च रोखला. पावडरीत एक काळी रेघ उमटली होती. ती इंजिनाच्या माथ्यावरील टॅपेट कव्हरच्या कडेपासून निघून, मागच्या अंगाने उतरत बोल्टाशी येऊन थांबली होती.

"वरच्या झाकणाचं रबरी पॅकिंग कडक झालंय. गाडी कमी चालली म्हणून रबर म्हातारं व्हायचं थांबत नाही, सर. आणि ती रविवारची दहा मिनिटं बंद करा, इंजिन नीट तापतसुद्धा नाही. चालवत जा." मग तिने बोल्टाला पाना लावून पाहिला. "हा कुणी आवळला? चांगला हात आहे!"

विद्याधरांना मान वर करवेना.

घरी पत्नी प्रेमाताईंनी सारे ऐकून घेतले. "कारखान्यात एक नट नाकारायचा तर तुम्ही तीनदा मोजायचात. माणूस नाकारताना एकदाही नाही मोजलंत!"

"चुकलो खरा. उद्याच त्याला पॅकिंगचं काम देतो."

"म्हणजे अपराध तुमचा आणि उपकार त्याच्यावर?"

त्या रात्रीचे जेवण त्यांना गोड लागले नाही. सकाळी ते मत्तीकेरेला गुंडोच्या टपरीवजा गॅरेजात गेले. "गुंडो, माझी चूक झाली. मला क्षमा कर."

गुंडोने हात पुसले. "बसा की अण्णा, चा सांगतो." जरा थांबून तो म्हणाला, "कामचुकार म्हटलासा ते सभेत, आन् चुकलो म्हणताय ते माझ्या कानात. आता गिऱ्हाईक गाडी देऊन जात न्हाई, माझ्या हाताकडं बघत उभं ऱ्हातंय."

चहा तसाच राहिला. त्या दिवशी विद्याधर बावीसही दारांत उभे राहिले. "गुंडोचं काम चोख होतं. मी न तपासता त्याच्यावर आळ घेतला," हे वाक्य त्यांनी प्रत्येक दारात उच्चारले. नऊ घरांनी गुंडोला परत बोलावण्याचे मान्य केले. बाकीची म्हणाली, "असू द्या हो, आम्ही आता दुसरा लावलाय." त्या तेरा घरांचे उत्तर त्यांना जन्मभर पुरणार होते!

नागरिकहो, थेंब जेथे लोंबतो तेथेच तो उगम पावतो असे नाही. कष्टकऱ्याच्या हाताला दोष देण्यापूर्वी वरपर्यंत शोध घ्या. आणि आळ चारचौघांत घेतला असेल, तर क्षमाही चारचौघांतच मागा. ती उशिरा मागितली, तर पुरी पडत नाही.