तंगुसाची गाठ

अकरा वर्षांत श्रीरंगराव आपल्या जावयाला एक उणा शब्द बोलले नव्हते, आणि गिरीशचं दुखणं नेमकं तेच होतं. भांडणाऱ्या सासऱ्याशी माणूस कधी ना कधी समेट करू शकतो. हात जोडून बोलणाऱ्या सासऱ्याचं काय करायचं?

वसुधा ही त्यांची एकुलती एक मुलगी. कऱ्हाडहून पुण्याला शिकायला गेली आणि मालवणचा गिरीश परुळेकर पसंत करून आली. परजातीचा, मासे खाणारा, वर अमेरिकेला निघालेला. आईने दोन दिवस जेवण सोडलं, मावशीने तोंडाला येईल ते ऐकवलं, आणि पुढे त्याच दोघींनी त्याला पोटाशी धरलं. श्रीरंगराव मात्र "तुमची मर्जी" एवढंच म्हणाले. पंचाहत्तर सालच्या मे महिन्यात लग्नाला येऊन अक्षता टाकून गेले, आणि मग दर महिन्याच्या निळ्या एरोग्रॅमच्या शेवटच्या ओळीत 'जावईबापूंना सा. नमस्कार' लिहीत राहिले. त्या नमस्काराचा गिरीशला मनापासून कंटाळा आला होता.

पंच्याऐंशीच्या पावसाळ्यात वसुधाची आई गेली आणि डिसेंबरात श्रीरंगराव टोलीडोला लेकीकडे आले. तेव्हाचं ओहायो आजच्यासारखं नव्हतं. गावात मराठी घरं मोजून पंधरा-वीस, तूरडाळ आणायला डेट्रॉइटपर्यंत ड्राइव्ह करायचं, आणि बर्फ पडायला लागला की शेजारच्या घराचा दिवा दिसला तरी बरं वाटायचं. वसुधा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, गिरीश काचेच्या कारखान्यात. म्हातारा दिवसभर शाल पांघरून खिडकीशी बसे. पाणी हवं असलं तरी, "जरा तसदी देतो," म्हणून सुरुवात करी. परतीचं तिकीट जूनअखेरचं होतं. वसुधाला बाबा कायमचे राहायला हवे होते. गिरीशची मागणी त्याहून लहान होती. त्या माणसाने जाण्यापूर्वी एकदा तरी आपल्याला घरचा म्हणून वागवावं, बस्स.

गिरीशचा हिवाळा तळघरात जाई. शेजारी एड नोव्हाक नावाचा म्हातारा होता, मोटारींच्या कारखान्यातून रिटायर झालेला. ईरी सरोवरातल्या वॉलआय माशाचं वेड त्यानेच गिरीशला लावलं होतं. खाडीकाठी वाढलेल्या माणसाला पाण्याशी पोचवणारा कुणी भेटला की तो त्याला सख्ख्या काकासारखा वाटतो. वॉलआय धरायचा तर हार्नेस लागतो. हातभर नायलॉनचा पारदर्शक दोरा, ज्याला मालवणात तंगूस म्हणतात. त्याच्या टोकाशी मागेपुढे दोन गळ, त्यांच्यापुढे पाच-सहा रंगीत मणी, आणि मण्यांच्या पुढे पाण्यात भिरभिरणारी एक चकचकीत पाती. गळांना जाडजूड गांडूळ लांबवून लावायचं. तयार हार्नेस दुकानात मिळत, पण एड त्यांच्याकडे आपल्या आया विकतच्या पापडांकडे बघायच्या तसा बघे. ख्रिसमसपासून एप्रिलपर्यंत तो आणि गिरीश घरचे हार्नेस बांधत. त्या वर्षी एडच्या बोटांना संधिवाताने धरलं, त्यामुळे सगळं काम गिरीशवर आलं. आणि गिरीशची बोटं म्हणजे आनंदच होता. तीन मणी ओवावेत तर दोन टेबलाखाली.

श्रीरंगराव आपलं धोतर मशीनमध्ये टाकू देत नसत. हाताने धुऊन ते तळघरातल्या दोरीवर वाळत घालत. त्यासाठी रोज संध्याकाळी बादली घेऊन खाली येत, टेबलापाशी क्षणभर थांबत आणि काही न बोलता वर जात. असं तीन दिवस झालं. चौथ्या दिवशी त्यांनी बादली खाली ठेवली.

"दोरा पायाला अडकवा," ते म्हणाले.

गिरीशला कळेना. तेव्हा त्यांनी शेजारची खुर्ची ओढली, पायातला मोजा काढला, तंगूस अंगठ्याला अडकवून ताणून धरला आणि सहा मणी त्यात असे सोडले की गिरीशला बोटं हलताना दिसलीसुद्धा नाहीत. श्रीरंगराव पटवेकरी होते. कऱ्हाडच्या सराफकट्ट्यावर पन्नास वर्षं बसून त्यांनी दुसऱ्यांचे दागिने गाठवले होते. ठुश्या, बोरमाळा, मोहनमाळा. सोनार सोनं घडवायचा, पण ते सोनं गळ्यात बसायचं ते पटवेकऱ्याच्या रेशमामुळे. हे सगळं गिरीशला माहीत होतं, फक्त ते हात त्याने कधी चालताना पाहिले नव्हते. माशांसाठी आहे हो हे, असं त्याने चाचरत सांगितलं. म्हाताऱ्याने मान हलवली आणि म्हणाला, दागिना कोण घालणार ते गाठवणाऱ्याने विचारायचं नसतं.

तिथून पुढचे दोन महिने गिरीश आयुष्यभर विसरणार नव्हता. सहा वाजता ऑफिसमधून यायचं, चहाचे दोन कप घेऊन खाली उतरायचं, आणि हीटरच्या घरघरीत मणी ओवत बसायचं. श्रीरंगराव बोलू लागले. कुठल्या सावकारणीच्या बोरमाळेत किती मणी होते, रेशमाचा गुलबक्षी रंग कुठून यायचा, वसूच्या आईने लग्नानंतर पहिल्यांदा गोंडा वळला तेव्हा तो उंदराच्या शेपटीसारखा कसा झाला होता. मग गिरीशही खाडीबद्दल सांगे. ओहोटीला चिखलात रुतलेले पाय, आजोबांची होडी, चुलीवरच्या आमटीचा घरभर पसरलेला वास. दोघंही अशा गावांबद्दल बोलत होते जिथे आता त्यांची वाट बघणारं कुणी उरलं नव्हतं. वर स्वयंपाक करताना वसुधा मधूनच गॅस बारीक करून ऐकत उभी राही.

या सगळ्यात एकच खोट होती. श्रीरंगराव प्रत्येक मण्यानंतर एक गाठ मारत. बारीक, सुबक, जागच्या जागी. मणी मण्याला घासून झिजू नये, आणि उद्या दोरा तुटलाच तर एखादा मणी जावा, माळ राहावी, असं त्यांचं शास्त्र होतं. रेशमाला ते लागू होतं. तंगुसाला नाही. तंगुसाला मध्येच गाठ पडली की ती स्वतःलाच कापते. अशी गाठ दिसली की हार्नेस सरळ फेकून द्यायचा, हा एडने शिकवलेला पहिला धडा होता. गिरीशने पहिल्याच दिवशी तोंड उघडलं आणि मिटलं. दुसऱ्या दिवशी बॅगा तोलायच्या स्प्रिंगच्या काट्याला एक हार्नेस लावून त्याने ओढून बघितला. तो निम्म्या वजनालाच, गाठीपाशी तुटला. तुकडे त्याने वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्याच्या तळाशी घातले, आणि तोंडात मिठाची गुळणी धरून बसला. हा माणूस अकरा वर्षांनी शेजारी येऊन बसला होता. त्याला काय सांगायचं, तुमचं काम चुकतंय म्हणून?

हे गाठींचे हार्नेस सगळे बाजूला ठेवू आणि मासेमारीला दुसरेच नेऊ, असं त्याने ठरवलं होतं. पण एप्रिलमध्ये श्रीरंगरावांनी त्यातले निवडक डझनभर हार्नेस, सराफ देतात तसे, गुलाबी कागदाच्या पुड्यांत बांधले आणि स्वतः जाऊन एडच्या हातात ठेवले. एडला इतका आनंद झाला की त्याने तिथल्या तिथे म्हाताऱ्याला बोटीवर यायचं आमंत्रण देऊन टाकलं. आता त्या पुड्या परत मागायची सोय नव्हती.

जूनच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी तिघं पोर्ट क्लिंटनहून निघाले. श्रीरंगराव कोट, मफलर, कानटोपी आणि वर नारिंगी लाइफ जॅकेट अशा थाटात मध्ये बसले होते. आपण मारणार काही नाही, फक्त आपलं काम पाण्यात कसं दिसतं ते बघणार, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. पाणी शांत होतं. एडने गुलाबी पुडी सोडली, गाठी दिसूनही मुकाट्याने गांडूळ लावलं आणि हार्नेस बोटीच्या कडेने पाण्यात धरला. पाती भिरभिरू लागली, तिच्यामागे लाल-हिरवे मणी चमकले, आणि श्रीरंगरावांच्या चेहऱ्यावर असं समाधान आलं की गिरीशने मान फिरवली.

पहिल्या तासात दोन लहान मासे आले. गाठी टिकल्या. गिरीशला वाटलं, निभावलं. आणि मग एडची काठी वाकली ती वाकलीच. एड वीस वर्षं ज्याची वाट बघत होता तो हा मासा असावा. बोटीपासून दहा फुटांवर त्याने कूस पालटली. पिवळं पोट, काचेसारखा डोळा, हाताएवढं अंग. गिरीश जाळी घेऊन वाकला. तेवढ्यात काठी सरळ झाली आणि पाणी मिटलं.

एडने दोरा गुंडाळून घेतला. टोकाला पाती होती, आणि गाठींमुळे दोन मणीही जागेवर होते. त्यांच्या मागचे मणी आणि गळ माशाबरोबर गेले होते. एडने ते पाहिलं, गिरीशकडे पाहिलं, आणि भल्या माणसाने ताबडतोब दोष आपल्याकडे घेतला. मीच घाई केली, फार जोरात ओढलं, सांग त्यांना. गिरीशने तसं सांगितलं.

श्रीरंगरावांनी चष्मा चढवला आणि तुटलेलं टोक बोटावर घेतलं. पन्नास वर्षं बायका तुटलेल्या पोती त्यांच्यापुढे आणून टाकत होत्या. दोरा कुजला की कुणी हिसकला की कशाने कापला, हे ते नुसतं टोक बघून सांगत.

"ओढून नाही तुटलं हे," ते म्हणाले. "गाठीने कापलंय." मग गिरीशकडे वळून, "तुम्हाला माहीत होतं?"

खोटं बोलायला अजून वाव होता. गिरीशला ते जमलं नाही. "हो," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्ही बादली उचलून वर गेला असतात. परत खाली आला नसतात."

श्रीरंगराव ते टोक बोटांत फिरवत राहिले. बोटीवर पाणी चापट्या मारत होतं. गिरीशला वाटलं, संपलं, आता जूनअखेरपर्यंत 'जरा तसदी देतो' आणि मग विमानतळ.

"माझ्या हाताखाली सहा पोरं शिकली," म्हातारा अखेर बोलला. "गाठ चुकली की मी हातावर फटका द्यायचो. गिऱ्हाइकाचा पोरगा येऊन बसला आणि चुकला, तर छान आहे म्हणायचो. चूक घरच्याला दाखवतात. परक्याला छान म्हणतात. तू मला चार महिने छान म्हणत होतास."

तो 'तू' गिरीशच्या कानात शिरला, पण त्याचा अर्थ लागायच्या आत त्याच्या तोंडून निघून गेलं, "आणि तुम्ही मला अकरा वर्षं."

एवढं बोलून तो स्वतःच घाबरला. श्रीरंगरावांनी कानटोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"म्हणून काय झालं? बोलायला लागलो तर ऐकशील?"

"ऐकेन."

"मग ऐक. पंचाहत्तर सालापासून ऐक. मंगळसूत्र तुम्ही आणलंत, ठीक. रीतच आहे. पण पोत? पोत बाजारातून तयार आणलीस. अरे, जिचा बाप पटवेकरी, तिच्या गळ्यात दुसऱ्याने गाठवलेली पोत! मी काळं रेशीम भिजवून ठेवलं होतं. आठ दिवस भिजवून ठेवलं होतं. कुणी विचारायला आलं नाही. मांडवात अक्षता टाकताना मला तिच्या गळ्यातली गाठ दिसत होती, वेडीवाकडी, आणि मी काय केलं? हात जोडले."

त्यांचा आवाज फाटला.  असं काही विचारायचं असतं हे चोविसाव्या वर्षी गिरीशच्या गावीही नव्हतं, आणि आता ते कशानेच भरून येणार नव्हतं. "चुकलं बाबा," तो म्हणाला. आजवर तो त्यांना 'तुम्ही' आणि 'अहो' यांच्या आडून हाका मारत आला होता.

"चुकलंच. आणि शहात्तरला विमानात बसायच्या आदल्या दिवशी पोहोचलात निरोप घ्यायला, अर्धा तास. तिच्या आईने पुरणपोळी केली होती, तू एक खाल्लीस. एक! आणि इथे घरात मासे करायचे नाहीत असं मी कधी सांगितलं होतं? चोरासारखा शेजारी जाऊन खाऊन येतोस आणि तीनदा साबणाने हात धुतोस. मला नाक नाही? वसू तिकडे एकटी पिठलं खाते तुझ्या नावाने खडे फोडत. आणि पत्रं. सत्त्याहत्तर साली किती पत्रं लिहिलीस रे तू? दोन. आणि दोन्हींत हवामान."

श्रीरंगराव आता बोटीत अर्धे उठले होते आणि एकेका वाक्याला बोटाने हवेत गाठ मारत होते. सुकाणूपाशी एड अवघडून बसला होता. असला संताप त्याने या म्हाताऱ्याच्या तोंडी कधी ऐकला नव्हता, आणि गिरीशच्या गालांवरून तर पाणी वाहत होतं. हरवलेल्या माशाचा एवढा राग आलाय का त्यांना, असं त्याने हळूच विचारलं. बोट परत वळवू का, म्हणाला.

गिरीशने बाहीने डोळे पुसले.

"नको एड," तो म्हणाला. "सावकाश चल. अजून ते एकोणऐंशीपर्यंतसुद्धा आलेले नाहीत."