नुसतं व्हय म्हन

उन्हं वर येईस्तोवर रायभान अन् त्याची थोरली बहीण कासाबाई कापूस वेचत होते. दहिवरानं ओली झालेली काळी माती तळपायाला चिकटत होती. तीन दिवसांसाठी पोखर्णीहून माहेरी आलेली कासाबाई ओटी भरता भरता म्हणाली, "म्या आल्याबिगर कामच व्हत नव्हतं का रं?"

"बापाच्या जागी सातबाऱ्यावर आपली दोघांची नावं लागलीत. अनुदान उचलायला तुपला अंगठा लागतो," रायभान खाली बघूनच बोलला. "अन् आक्का, रजिस्ट्रीवाली माणसं लय खट असत्यात. पैसे उकळायला उलटंसुलटं इचारत्यात. काय बी इचारलं तरी नुसतं व्हय म्हन."

कासाबाईनं मान हलवली. सरकारी माणसं कशी असतात, हे झरी गावापासून परभणीपर्यंत सगळेच सांगत होते.

खरं म्हणजे कागद हक्कसोडीचा होता. तिचा हिस्सा काढून सगळं रान एकट्याच्या नावावर करायचं रायभानच्या मनात होतं. पण मागायला जीभ उचलत नव्हती. आई लवकर गेली, तवा ह्याच बहिणीनं त्याला कडेवर घेऊन वाढवलं होतं.

दुपारी परभणीच्या रजिस्ट्री कचेरीत त्यांचा नंबर आला. टेबलामागच्या साहेबीणबाई तरण्याच होत्या. कागद चाळत त्यांनी विचारलं, "कासाबाई तुम्हीच?"

"व्हय."

"राजीखुशीनं करताय?"

"व्हय."

"कुणाची जबरदस्ती आहे का?"

"व्हय."

फोटो काढणाऱ्या पोराचा हात थांबला. बाईंनी मान वर केली. "कुणाची?"

ह्याला व्हय म्हणून भागेना. कासाबाई गोंधळून भावाकडं बघायली. "म्याडम, इचारतील तेला व्हय म्हन, असं ह्यानंच सांगितलं."

मागं रांगेत कुणीतरी हसलं. बाई मात्र हसल्या नाहीत. "मावशी, ह्या कागदानं वडिलांच्या जमिनीतला तुमचा हिस्सा भावाला जातोय. माहीत होतं?"

"न्हाई. अनुदानाचं हाय म्हनला."

रायभानच्या कानांच्या पाळ्या तापल्या. बाई ओरडतील, चार शिव्या देतील, तर बरं होईल असं त्याला वाटलं. त्यांनी कागद सरळ करून त्याच्या हातात दिला. "आधी घरी बहिणीशी बोला. तिच्या मनात असलं तरच परत या." अन् पुढच्या माणसाला बोलावलं.

बाहेर लिंबाखाली कासाबाई थांबली. मग म्हणाली, "सकाळी रानात मागितलं असतंस तर देऊन टाकलं असतं. आता देनार न्हाई."

रायभाननं कागदाची घडी करून खिशात घातली.

गावात उतरले तर हाटेलासमोर गावपुढारी आबासाहेब चार माणसं घेऊन बसलेला. "काय रायभान, झालं का काम?"

"न्हाई."

"मंग? किती मागितले?"

सगळे कान टवकारून बसले. नुसता एक आकडा सांगितला असता तर गावानं त्या बाईच्या सात पिढ्या उद्धारल्या असत्या अन् रायभानला चहा पाजला असता. आकडा त्याच्या जिभेवर आलाही. शेजारी कासाबाई पदर सावरत उभी होती. तिनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"त्या बाईनं काय बी मागितलं न्हाई," रायभान कसाबसा बोलला. "म्याच आक्काला फसवून नेलं व्हतं. तिचा हिस्सा खायाला. बाईनं धरलं."

मग आबासाहेब मिशीत हसला. "सोतालाच चोर म्हनवून घ्यायलास, म्हंजी लय जबर आकडा दिसतोय. आरं, आमच्यापशी कामून लपवतूस?"

हाटेलभर हशा पिकला. रायभान पुन्हा सांगायला गेला.

"म्या ऐकलंय," कासाबाई त्याला म्हणाली. "चल आता, कापूस झाकायचा राह्यलाय."

ती पुढं निघाली. तो मागून चालला, मान खाली घालून, तिच्या सावलीवर पाय पडू नये म्हणून जरा अंतर ठेवून.