चौथी ओळ

मित्रांनो, आमच्या थिएटरच्या दाराशी तिरका उभा असलेला काळा फळा म्हणजे मी. काळा आपलं म्हणायचं, रंग केव्हाच करडा झाला आहे आणि एका पायाला तार गुंडाळलेली आहे. या आठवड्यात कोणता सिनेमा लागलाय, हे गावाला सांगण्यात माझा जन्म गेला.

माझा जन्म तसा उरल्यासुरल्यातला. थिएटरच्या खुर्च्या करून चार फळ्या उरल्या होत्या. सुतार त्या जळणाला नेणार होता, पण जुने मालक म्हणाले, "नेऊ नकोस, जोड. दारात ठेवायला होईल काहीतरी." सुताराने नाखुशीनेच जोडल्या, म्हणून माझी उजवी कड अजून अर्धं बोट खाली आहे. काळ्या रंगाचे दोन हात बसले, वर पांढऱ्या रंगात 'या आठवड्यात' लिहिलं गेलं आणि मी कामाला लागलो.

माझ्यावर खडूने लिहायचं काम सिनेमाचं मशीन चालवणाऱ्या ऑपरेटरचं. गावातली पोरं त्याला मामा म्हणत, म्हणून मीही मामाच म्हणतो. मामा चार ओळी लिहायचा. पहिलीत सिनेमाचं नाव, दुसरीत खेळांच्या वेळा, तिसरीत किती दिवस चालणार ते. चौथी ओळ मात्र त्याची स्वतःची. गुरुवारी सकाळी बसने सिनेमाच्या रिळांचे डबे आले की तो रिकाम्या थिएटरात एकटाच सगळा सिनेमा लावून बघायचा, मग ओल्या फडक्याने मला पुसायचा आणि लिहायचा. 'मध्यंतरानंतर बरा आहे.' 'रुमाल आणा.' 'गाणी चांगली, गोष्ट नाही.' जुने मालक ते वाचून कपाळाला हात लावायचे, पण पुसायला त्यांनी कधी सांगितलं नाही. डबे उशिरा आले आणि बघायला वेळ मिळाला नाही, तर चौथी ओळ रिकामी राहायची. रिकामी ओळ म्हणजे मामाने सिनेमा बघितलेला नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

मला याचा भारी तोरा होता, खोटं कशाला बोलू. बाजूच्या भिंतीवर रंगीत पोस्टर लागायची, पण लोक त्यांच्याकडे नुसती नजर टाकून माझ्यापुढे येऊन थांबत आणि खाली वाकून चौथी ओळ वाचत. त्यानंतरच तिकिटाच्या खिडकीकडे जात.

आता ताईबद्दल सांगायला हवं. ताई म्हणजे मामाची थोरली बहीण. समोरच्या गल्लीत तिचं शिलाईचं दुकान आहे. सिनेमाचं तिला वेड होतं. तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची तिची, आणि तिच्याबरोबर तिचा मुलगा. पुढे एका सुट्टीच्या दिवशी तो नऊ वर्षांचा मुलगा तळ्यात पोहायला उतरला आणि वर आला नाही. त्यानंतर ताई थिएटरात आली नाही.

बरेच महिने गेल्यावर एका गुरुवारी ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली. मामा लिहीतच होता. ती म्हणाली, "अरे, पाण्याचं काही असलं तर तेवढं लिहीत जा. मी विचारायला नाही येणार. वाचून परत जाईन."

तेव्हापासून मामा पाणी बघू लागला. तळं, नदी, समुद्र, काहीही असलं की चौथ्या ओळीच्या शेवटी 'पाणी आहे' असं लिहायचा. लोकांना त्याचा अर्थ कळेना. "काय मामा, छत्री घेऊन बसायचं का?" म्हणून त्याची टिंगल व्हायची. मामा हसून वेळ मारून न्यायचा. ताई दर गुरुवारी यायची, वाचायची, "काय लागलंय रे या आठवड्यात?" असं उगाचच विचारायची आणि परत जायची. पाणी नसलं तरी परत जायची. अशी चार वर्षं गेली. आज ना उद्या ती आत जाईल, या आशेवर मामा होता, आणि मीही होतो.

मग जुने मालक थकले आणि धाकटे मालक बघू लागले. माणूस वाईट नव्हता, पण त्याला घाई फार. एका आठवड्यात डबे गुरुवारी आलेच नाहीत. शनिवारी दुपारी, खेळाला तासभर उरला असताना आले. मामाने मला पुसून तीन ओळी लिहिल्या आणि खडू खिशात टाकला.

"खाली काय?" धाकटे मालक म्हणाले.

"बघितला नाही अजून."

"रिकामं बघून लोक मागे फिरतात हो. पोस्टरवर बघा की, आई आहे, बाप आहे, पोरं हसतायत. लिहा काहीतरी बरंसं."

मामाने पोस्टर बघितलं. मग त्याने लिहिलं, 'घरातल्या सगळ्यांनी बघावा.' ही ओळ न बघता लिहिलेली आहे, हे खडू माझ्यावर फिरत होता तेव्हाच मला ठाऊक होतं. पण फळ्याला तोंड नसतं.

ती ओळ वाचणारी पहिली ताईच होती. गुरुवारी वाचायला काही मिळालं नव्हतं, म्हणून शनिवारी आली. तिने ओळ दोनदा वाचली. पदराला चिकटलेला दोरा झटकला आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदा खिडकीशी जाऊन तिकीट काढलं. मला इतका आनंद झाला की आपल्यावर काय लिहिलंय तेच मी विसरलो.

पुढचं मला बाहेर ऐकू आलं तेवढं सांगतो. मध्यंतरानंतर आतून पाण्याचा आवाज आला. मग पोरांच्या हाका आल्या. मग मशीन एकदम बंद पडलं. मामानेच ते बंद केलं होतं, हे त्याच्याकडूनच मला मागाहून कळलं. मशीनच्या खोलीच्या झरोक्यातून त्याला तिसऱ्या रांगेत ताई दिसली होती, आणि पडद्यावरचा मुलगा तोवर पाण्यात उतरला होता. लोकांनी शिट्ट्या मारल्या, खुर्च्या बडवल्या. ताई अंधारातून चाचपडत बाहेर आली आणि तिने माझी कड धरली. तिच्या भाराने माझा पाय मोडला. तार गुंडाळलेली आहे तो हाच पाय.

मामा जिना उतरून धावत आला. "ताई," एवढंच म्हणाला.

"तू बघितला होतास?"

"नाही."

"मग रिकामी ठेवायचीस ना रे. मी घरी गेले असते."

ती रागावली नव्हती, तेच मामाला जास्त लागलं. त्याने हाताच्या पंजाने ती ओळ पुसली. फडकं घ्यायचंही त्याला सुचलं नाही.

त्यानंतर चौथी ओळ कोरडीच राहिली. मामा सिनेमा बघायचा, पण खडू तिथे आला की त्याचा हात थांबायचा. लोकांनी आधी विचारलं, मग विचारणं सोडलं. मामा ताईकडे जायचा. ती चहा करायची, शर्टाचं बटण निघालं असलं तर लावून द्यायची, सगळं बोलायची. "काय लागलंय रे?" एवढं मात्र विचारायची नाही. मला पुसताना मामा हे सगळं माझ्याशी बोलायचा. दुसरं कुणाशी बोलणार?

दोन महिन्यांनी एका गुरुवारी ताई आली. गळ्यात मोजायची टेप तशीच होती. माझी रिकामी ओळ तिने बघितली.

"हा बघितलास?"

"दोनदा."

"मग लिहीत का नाहीस?"

"माझ्या लिहिण्यावर आता कोण विश्वास ठेवेल, ताई?"

"माझं सोड," ती म्हणाली. "गावात अजून कुणाचं काय गेलंय, तुला काय माहीत? ते बिचारे वाचत असतील. लिही."

मामाने लिहिलं. अक्षरं वाकडी आली. 'संथ आहे. शेवटी आजोबा जातात. पाणी नाही.' ताईने शेवटपर्यंत वाचलं, मान हलवली आणि दुकानाकडे परत गेली.

तेव्हापासून ती दर गुरुवारी वाचायला येते. आत मात्र अजून गेलेली नाही. तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची मामा रोज पुसतो.

मित्रांनो, मी आता म्हातारा झालो. उन्हात ठेवलंत तरी चालेल, पायाची तार बदलली नाहीत तरी चालेल. एवढंच मागतो, हातात खडू असेल आणि तुम्ही स्वतः बघितलं नसेल, तर माझी चौथी ओळ रिकामी ठेवा. कुणीतरी तिच्यावर विसंबून दार उघडणार असतं.